नकाशावरचे हिरवे ठिपके

...तिथे नको बसूस, तिथे एसी थेट डोक्यावर येतो, इकडे सरक. तू सुनेत्राचा वीर ना, कॉलेजातून आलास वाटतं — मराठी कळतं ना रे? बघ, मान हलवली. म्हणजे कळतं, बोलता येत नाही. आमच्या हिमानीचंही तेच. आयुष्यभर मी मराठीत बोलतेय, ती इंग्लिशमध्ये उत्तरं देतेय, आणि भांडण मात्र व्यवस्थित होतं. घे, वडा घे. आत न्यायचे नाहीत, काउंटीचं ऑफिस आहे — कार्पेटला तेल लागलं तर ते पुसायचं कसं, याच्यासाठीही हे लोक एक ग्रँट काढतील.

ग्रँट काय ते ठाऊक आहे का तुला? नसेलच. राज्य सरकार काउंटीला पैसे देतं — सोलर पॅनेल लावायला नाही हं, इथेच सगळे फसतात — पॅनेल कुठे लावावेत याचा विचार करायला. विचाराला पैसे. माझे वडील अकोल्याला वीज मंडळात होते, तिथे विचार फुकट होता — खांबांचा ट्रक जिथे चिखलात रुतला तिथे खांब उभा राहिला, आणि वीज आली की नाही? म्हणजे अधूनमधून आली. इथे तसं नाही. इथे आधी सल्लागार येतो, मग त्या सल्लागाराला सल्ला द्यायला कमिटी बसते, मग नकाशा, मग नकाशाबद्दल मीटिंग. आणि हे सगळं सांभाळायला एक प्लॅनर लागते, ती आमची हिमानी. पोस्टही ग्रँटचीच. ग्रँट संपली की पोस्ट संपली. तिचे बाबा तर पहिल्या दिवसापासून म्हणतात, ग्रामपंचायतीतच नोकरी करायची होती तर एवढी फी कशाला भरली — पण तिला आवडतं रे. जेवताना कॅनॉल आणि सबस्टेशनबद्दल बोलते, डोळे असे चमकतात, मला त्यातलं काही कळत नाही, मी वाढत राहते.

तर त्या ग्रँटची एक अट — लोकांनी यायला पाहिजे. लोकांचं मत घेतलं, असं दिसायला पाहिजे. हिने केली मीटिंग. फ्लायर वाटले, इंग्लिश, स्पॅनिश, सगळं केलं. हॉलभर खुर्च्या, आणि आलं कोण? दोन म्हातारे, त्यातला एक बाथरूम विचारायला. बदामाच्या बागावाले तर फिरकलेच नाहीत — ते थेट शेवटी येतात, ओरडायला. घरी येऊन सिंकपाशी उभी राहिली आणि रडली. नळ सोडून रडते ती, लहानपणापासून, आवाज जाऊ नये म्हणून. तिला वाटतं आम्हाला कळत नाही. पाण्याचा आवाज आला की मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसते.

मग पुढच्या मीटिंगला मी फोन लावले. काय चुकलं? आपली एवढी माणसं फ्रीमाँटसारख्या महाग शहरात परवडत नाही म्हणून डोंगर ओलांडून इकडे घर घेऊन राहिली, सगळे इथले रहिवासी, टॅक्स भरतात — तुझी आई, प्रीता, शशिकांत भाऊजी, झाडून सगळे आले. बटाटेवडे आहेत म्हटल्यावर तर शशिकांत भाऊजी पाहुण्यांनाही घेऊन आले. हिमानी गेली होती खाली, सल्लागाराच्या गाडीला पार्किंग मिळेना म्हणून. टेबलावर हा एवढा नकाशा, आणि प्रत्येकाच्या हातात गोल स्टिकर — हिरवा म्हणजे सोलर चालेल, लाल म्हणजे नको. आता आपल्या लोकांची सभ्यता — कोणाच्या शेतावर कशाला लावा, उगाच कोणाला वाईट वाटायचं — म्हणून सगळे स्टिकर बोटाला चिकटवून उभे. सगळे मलाच विचारतात, काकू, कुठे लावायचं? मी काय सांगणार? म्हटलं, हा कोपरा रिकामा दिसतोय, काही छापलेलं नाही, इथे लावा, कोणाचं काही जात नाही.

प्रीताने एक ओळ लावली. तिच्या खाली मी लावली. आता ठिपके एका रेषेत आले की आपला हात थांबतो का? मधली ओळ मोठी, वर-खाली उतरत गेली, कमी पडले ते तुझ्या आईने शशिकांत भाऊजींच्या बोटावरून काढून घेतले. छान झाली रांगोळी. लाल स्टिकर उरले, ते वाया कशाला घालवायचे, म्हणून मधोमध फूल केलं.

हिमानी वर आली, नकाशा पाहिला. "आई, दे रिअली थॉट अबाउट इट," म्हणाली. म्हटलं, हो, बराच वेळ उभे होते. आणि तो सल्लागार — तो तर खूश. असं एकमत त्याने म्हणे कुठेच पाहिलं नव्हतं. मधल्या लाल फुलाला त्याने बफर म्हटलं. लोकांना पॅनेलच्या मधे मोकळी जागा हवीय म्हणे. एवढं शिकलेला माणूस, घरी कोणी रांगोळी काढली नसेल, त्याचा तरी काय दोष.

आणि गंमत ऐक. तो कोपरा म्हणजे खारट जमीन निघाली. कॅनॉलचं पाणी तोडलं, तेव्हापासून पांढरी पडलेली, गवतसुद्धा येत नाही. बागावाले आले ओरडायला, नकाशा पाहिला — आणि ओरडलेच नाहीत. पॅनेलसाठी त्यांनाही तीच जागा हवी होती, बागा वाचतात ना. आज काउंटीचे सुपरवायझर — निवडून आलेले, आपल्या जिल्हा परिषदेसारखे — मत देणार, सगळे हो म्हणणार आहेत. फक्त तो राज्याचा माणूस यायचाय सॅक्रामेंटोहून. तो लोकांशी बोलून बघणार, खरंच सहभाग होता का, आणि मग पुढचे पैसे द्यायचे की नाही ते लिहिणार. मी हिला म्हटलं, त्याला माझ्याकडे पाठव, मी बरोबर बोलते. तर म्हणाली, आई, प्लीज, तू कोणाशी बोलू नकोस, फक्त वडे दे. तेच करतेय. कोणाशी बोलतेय का मी?

अरे, चटणी सांडली बघ — थांब, हा टिश्यू घे, तो गळ्यातला पट्टा बाजूला कर, कार्डाला लागेल. कॉलेजचं का? बघू. चष्मा लावू दे.

अर्णव.

वीर नाही. आणि हे अस्वल... राज्याच्या झेंड्यावरचं ना हे? सॅक्रामेंटोचं.

म्हणजे मघाशी मान हलवलीस — हलवलीत — ती मराठी कळतं, एवढ्यासाठीच.

अजून एक वडा घे. घ्या. नको? बरं. नको.

हे बघा, ती जमीन खरंच खारट आहे. जाऊन बघून या. ठिपके आम्ही लावले, पण जागा चुकली नाही. आणि माणसं आलीच होती की, खोटं कुठे आहे त्यात? तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं तिने बोलावलं म्हणून लोक आले आणि विचार करून गेले. नोकरीचं काय, दुसरी मिळेल, हुशार आहे माझी मुलगी. पण हे कळलं ना, तर ती घरी येऊन नळ सोडून उभी राहील, आणि तेव्हा मी शेजारच्या खोलीत असेन. मला ते ऐकवत नाही हो.

मी जे बोलले ते मराठीत बोलले. तुमचा रिपोर्ट इंग्लिशमध्येच असतो ना?

ते बघा, दार उघडलं. हीच हिमानी. तुम्हालाच बोलावतेय — हसतेय बघा कशी. जा.

थांबा. हात पुसून जा.