चार पेढे आणि एक बाटली

— तसं न्हवं डॉक्टरसायेब, टांगा येईस्तोवर बसा की निवांत. आमचा शिवयोगी लई सरळ पैलवान हाय. आख्ख्या सोलापुरातनं एकटा निवडलाय दिल्लीच्या शिबिराला, तितनं बँकॉक. आन् तुमी त्याची लघवी तपासायला चाललाय — न्या की, आमाला कसलं भ्या? त्याचा खुराक मी करतो, बाळू. बदाम मी वाटतो, थंडाई मी घोटतो, माझ्या हातातनं गेल्याबिगर त्याच्या पोटात काय जात न्हाय.

गोळी? हां, आनली होती, खोटं कशाला बोलू — एकदाच. परवा सरावात त्याचा दम कमी पडाय लागला म्हनून. विजापूर रोडला चन्नप्पा म्हनून ट्रक डायवर हाय, जागायच्या गोळ्या खातो. म्हनलं, पैलवानाला चालंल का? तर तो कानडीत म्हनला, ब्याडा, ब्याडा. मी करकंबचा, मला कुटली कानडी, मला ऐकू आलं पेढा. म्हनलं बरोबर हाय, कडू असंल, पेढ्यातनं द्यायची. चार पेढ्यांत चार गोळ्या भरल्या. काल त्याच्या आईला, काशम्माला सांगितलं, तर तिनं कपाळावर हात मारला — आरं मुडद्या, ब्याडा म्हंजे नको. हसा की सायेब, मी कालधरनं हसतोय.

न्हाय न्हाय, शिवयोगीनं तोंडसुदा लावलं न्हाय. शिबिराला जाईस्तोवर गोड सोडलंय त्यानं, सिद्धेश्वराफुडं. — पेढे? टाकतोय व्हय, खव्याचे होते. मीच खाल्ले, चारी. तवाधरनं डोळ्याला डोळा न्हाय आन् दमलोबी न्हाय बगा. तालमीची माती तीनदा चाळली, मालीश करायला मानूस घावंना तर दाराच्या चौकटीला तेल चोळलं. आन् जीब तर तुमी ऐकतायच की. काळीज नुस्तं नाचतंय, लई ग्वाड वाटतंय.

तवा बिनघोर तपासा, पोरगा धुतल्या तांदळासारखा हाय. लाजाळू तेवढा — सकाळी तुमी बाटली दिली तर बिचाऱ्याला होईनाच. अर्धा तास मोरीत हुबा, घामाघूम. म्हनलं आन हिकडं, सायेब खोळंबलेत. वर चिठ्ठीवर नाव त्याचंच हाय की, पान्यावर काय कुनाचं नाव असतंय. मीच दिली भरून —

सायेब.

ती बाटली… जरा हितं ठिवता का?

ए टांगेवाल्या, जा रं तू. सायेब न्हाय यायचं अजून.