छप्पर घालायला येतो म्हणाले

...नाही, छप्पर नाहीच. अकरा महिने झाले, वर बघितलं की थेट आकाश, आणि खाली मी, क्रुपुक करणारा माणूस, म्हणजे कोळंबीचे पापड हो, ओल लागली की चपलेच्या तळासारखे होतात, आणि तुम्ही मलाच विचारता, मार्जोकाका, विमा कंपनीशी तुमची तडजोड झाली होती ना? झाली होती की! वादळाने कारखान्याचे पत्रे नेले, कंपनी म्हणाली पत्रे आधीच गंजलेले, मी म्हटलं विमा उतरवताना तुमचा माणूस डोळे घरी ठेवून आला होता का, मग मध्यस्थीला बसलो. मध्यस्थ इबू कुस्तिनी, इबू म्हणजे आमच्याकडे बाई, चहा गोड, बोलणं त्याहून गोड, आणि शेवटी कागद झाला: कंपनीने साठ दिवसांत छप्पर घालून द्यावं. कंपनीचा मॅनेजर हांडोयो, त्याने कागदावरच्या मुद्रांक तिकिटावर आडवी सही ठोकली, मान लववली आणि काय म्हणाला? इंग्गिह.

आता तुम्हाला सांगतो, आम्हा जावाच्या लोकांत इंग्गिह म्हणजे 'होय जी'. पण कसलं होय? 'करतो'चं नव्हे, 'ऐकू आलं'चं! मी जन्माचा सेमारांगचा, मला हे कळू नये? बायको तुमिनाह मसाला वाटतावाटता म्हणाली, "अहो, न्हाणीची कडी बसवा म्हणून माझी आई आठ वर्षं मागे लागलीय, तिला काय म्हणता तुम्ही?"

म्हटलं, इंग्गिह.

"आणि कडी?"

...असो. साठ दिवस गेले, नव्वद गेले, हांडोयोकडे गेलो. "काका, माणसं येताहेत पत्रे घेऊन." मंगळवारी? "इंग्गिह." मंगळवार आला, पत्रे नाहीत. इबूंकडे गेलो, म्हटलं बाई, तुमच्यासमोर ठरलं, आता त्यांना करायला लावा. त्या म्हणाल्या, "मी फक्त जुळवून देते हो काका, करायला नाही लावत. हवं तर या विषयावर पुन्हा मध्यस्थी ठेवू?" म्हणजे तडजोड पाळण्यावर तडजोड! मग वकील. तो म्हणतो, कागद छान आहे, पण कोर्टाचा हुकूम झाल्याशिवाय जप्तीबिप्ती काही नाही. मग करा हुकूम. "त्यासाठी दोघांनी न्यायाधीशासमोर उभं राहून सांगायचं, ही तडजोड आमचीच." म्हणजे जो पळतोय त्यालाच म्हणायचं, बाबा रे, ये, तुझ्या पायात बेडी घालायचीय, वेळेवर ये! तरी गेलो हांडोयोकडे. गुरुवारी नऊला कोर्टात याल? काय म्हणाला असेल? बरोबर. गुरुवारी नऊपासून चारपर्यंत बाकावर मी एकटा. कारकून म्हणाला, "समोरचा पक्ष आला की आत या." तोवर कारखान्यात ओतलेला पाऊस कोण उपसणार? तुमिनाह, बादलीने.

आणि परवा फोन आला. कंपनीचाच, पण दुसरी पोरगी, आवाज मधाचा. "काका, छपराच्या विम्याची मुदत संपतेय, पुढं चालू ठेवायचा ना?" म्हटलं, बाई, छप्पर कुठाय? "ते होईलच हो काका. चालू ठेवू?" मी म्हटलं, थांब, आज तुमचंच औषध तुम्हाला. मान लववली, फोनवर, आणि अगदी हांडोयोसारखा म्हणालो, इंग्गिह.

सकाळी नवी पॉलिसी घरपोच! खाली ठळक अक्षरांत: ग्राहकाच्या तोंडी संमतीनुसार.

बघा, होते अंमलबजावणी. फक्त इंग्गिह माझं लागतं.