अठ्ठ्याहत्तर खडे

पाथर्डीच्या स्टँडवर नगरची एसटी यायची होती. माझ्या शेजारी एक तरुण इंजिनिअर मोबाईलवर हिशेब करत होता. त्याच्या पलीकडे ऊसतोडीला जाणारी एक बाई बसली होती.

"लंकामावशी, तुमचं घर वीस बाय वीसचं धरलंय. विटा किती लागतील ते काढतो, थांबा."

"सात हजार आठशे."

"कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. तुमी काडा तुमचं."

"दार-खिडक्या वजा केल्या तर सात हजार सातशे साठ येतात."

"आन उतरवताना फुटत्यात त्या?"

"त्या धरायच्या राहिल्या."

"चाळीस धरा."

"मावशी, हे तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या गावच्या शाळंची खोली येवडीच हाय. तिच्या समद्या विटा मी डोक्यावर वाहिल्या. शंभर झाल्या की पदरात एक खडा टाकायचे. अठ्ठ्याहत्तर खडे झाले."

"कधीची गोष्ट?"

"लगीन झालं त्या सालची. सत्तावीस वर्सं झाली."

"आणि आकडा अजून लक्षात आहे?"

"दर साली कारखान्यावर ऱ्हायाला पाचटाची कोपी बांधतो आमी. तिला एक बी वीट लागत न्हाई. बांधता बांधता मी मनात त्या शाळंच्या विटा मोजायचे."