पाठ केलेला नाव-पत्ता

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विभागप्रमुख बाई, निवृत्तीनंतरही आवर्जून आलेले माझे ज्येष्ठ सहकारी, आणि समोर बसलेल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

आज माझ्या निरोप समारंभात आत्ता माझ्याविषयी जे बोललं गेलं, ते ऐकून वाटलं, ही बाई कोण, एकदा तिला भेटायला हवं. अध्यक्ष महोदय म्हणाले, माझ्या हातून एकही अर्ज चुकीचा गेला नाही. त्यांचा मान राखून सांगते, एक गेला.

बारा वर्षांपूर्वी अपंगत्व भत्त्याच्या अर्जांची पडताळणी माझ्याकडे होती. लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला जन्मापासून वाचादोष. ऐकू यायचं, कळायचं सगळं. पण मनातला शब्द ओठांवर येईपर्यंत मोडून जायचा. भत्ता मिळाला तरच उपचार सुरू होणार होते.

मी विचारलं, "नाव काय बाळा तुझं? राहतेस कुठे?"

तिनं आईकडे पाहिलं, फ्रॉक मुठीत धरला आणि नाव-पत्ता घडाघडा सांगितला. मी रकान्यात लिहिलं, 'बोलणं स्पष्ट.'

ते वाचून आईचा चेहरा उतरला. "मॅडम, ते मी पाठ करून घेतलंय. चार महिने लागले. इथे तिची फजिती होऊ नये म्हणून. दुसरं काहीही विचारा. सकाळी काय खाल्लं, एवढंच विचारा."

बाहेर रांग होती, जेवणाची सुट्टी जवळ आली होती. मी म्हटलं, "ताई, जे ऐकलं तेच मी लिहिणार." एक प्रश्न विचारायला असा कितीसा वेळ लागला असता?

तिनं अपील केलं. माझा शेरा वाचून प्रत्येक टेबलानं फाईल पुढे ढकलली. भत्ता मंजूर झाला तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. तिच्यावर उपचार करणाऱ्या बाईंनी मला तोंडावर सांगितलं, "सहाव्या वर्षी आली असती, तर बरंच हाती लागलं असतं."

अर्जदाराशी दहा मिनिटं साध्या गप्पा माराव्यात, हा नियम मी करून घेतला, म्हणून आज माझं कौतुक झालं. तो सुचला कशामुळे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

गेल्या महिन्यात मी त्या लाँड्रीत गेले. आईनं मला लगेच ओळखलं. मुलगी शेजारी चादरींच्या घड्या घालत होती. मी माफी मागितली, तर आई म्हणाली, "मी पाठ करून घेतलं नसतं, तर हे झालंच नसतं. इतकी वर्षं मी स्वतःलाच बोल लावतेय."

हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

तेव्हा मुलीनं हातातली चादर खाली ठेवली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बराच वेळ गेला. शेवटी एकेक अक्षर ओढून काढत ती म्हणाली, "आई, ऐकलंस?"

आई इस्त्री बंद करून आत निघून गेली. माफी मिळाली, असं म्हणायचा मला अधिकार नाही.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. तो अर्ज मात्र पोटात घालू नका. उद्या माझ्या खुर्चीवर जी बसेल, तिला तो पहिल्याच दिवशी वाचायला द्या.

नमस्कार.