दाराला माया लागते

नाही हो, बोलावलं होतं ‘घर बघायला ये’ म्हणून! लग्न ठरलं होतं, मी नवी चप्पल घालून आलेली, चप्पल चावतेय, वाटलं आता स्वयंपाकघर दाखवतील, आमची खोली दाखवतील, गेला बाजार खिडकीतून काय दिसतं ते तरी... छे! होणाऱ्या सासऱ्यांनी मला थेट गॅरेजमध्ये नेलं, दारासमोर उभं केलं, एका बोटाने ते अख्खं लोखंडी दार वर सरकवलं आणि म्हणाले, ‘ऐक.’ मी ऐकलं. ‘काय ऐकू आलं?’ मी म्हटलं, ‘काहीच नाही.’ ‘तेच!’ म्हणाले. ‘तेच! बावीस वर्षं झाली!’ आणि माझ्याकडे असे बघायला लागले, की आता मी टाळ्या वाजवाव्यात. मी काय बोलणार? मी नवीन!

तुम्हाला सांगते, ते दार साधं नाही. चार आडव्या फळ्या, एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या, कडेला छोटी छोटी चाकं, दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल, चाकं चॅनलमधून वर जातात आणि मग दार वळून छताखाली जाऊन आडवं पडतं... जेवण झाल्यावर पडतात ना, तसं. वर ही एवढी स्प्रिंग, सगळं वजन ती पेलते. हे दार निवडायला बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आठ महिने घेतले होते. आठ! मला निवडायला त्यांच्या मुलाने दोन भेटी घेतल्या, पण तो विषय वेगळा. शटर नको, खडखडाट करतं. दोन झडपांचं नको, बाहेर उघडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकाला लागतं. लाकडी नको, फुगतं. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला म्हणे, ‘काका, गाडी कुठली आहे तुमची?’ तर बाबा म्हणाले, ‘गाडी अजून घेतली नाही. आधी दार.’

आता अशा माणसावर हसावं की काय करावं? मला तर बाई कौतुकच वाटलं. 

आणि रविवार! रविवारी सकाळी बाबा तो ठेवणीतला फाटका शर्ट घालणार, ग्रीसचा डबा घेणार, शिडी लावणार. आधी तपासणी. दार कमरेइतकं वर उचलून हात सोडायचा. दार तिथेच! खाली नाही, वर नाही, हवेत उभं. ‘बघ सूनबाई, याला म्हणतात तोल. स्प्रिंग बरोबर असली की दार शहाण्यासारखं थांबतं.’ मग बिजागऱ्यांना तेल, चाकांना तेल, स्प्रिंगला तेल आणि शेवटी चॅनल. चॅनलमध्ये ते ग्रीस असं भरायचे, असं भरायचे... पोळीवर लोणी लावताना आईचा हात सैल सुटतो ना, तसं! आणि वर म्हणायचे, ‘नुसतं तेल पुरत नाही. दाराला माया लागते.’ नवरा कानात कुजबुजला, ‘आम्हाला एवढी माया कधी लावली नाही.’ मी काय बोलणार? मी नवीन!

बरं चाललं होतं. आणि मग नणंदेचं बाळंतपण आलं आणि सासूबाई पाच आठवडे लेकीकडे गेल्या. जाताना मला दुधाचं सांगितलं, कुंड्यांचं सांगितलं, बाबांच्या गोळ्यांचं सांगितलं, उंबऱ्यापाशी थांबल्या, गॅरेजकडे बघितलं, काहीतरी सांगावंसं वाटलं त्यांना... आणि ‘जाऊ दे’ म्हणाल्या आणि गेल्या.

पहिल्या आठवड्यात दार कुरकुरलं. बाबांचा चेहरा पडला. ग्रीस! दुसऱ्या आठवड्यात दार मध्येच थरथरायला लागलं. अजून ग्रीस! तिसऱ्या आठवड्यात ते अर्ध्यात जाऊन विचार करायला लागलं. चौथ्यात बाबांनी नवा डबा आणला. आणि पाचवा आठवडा... ज्या दिवशी सासूबाई परत येणार, अकराला स्टेशनवर गाडी येणार, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार, त्या दिवशी सकाळी नऊला दार गुडघाभर वर आलं, एका बाजूने तिरपं झालं आणि अडकलं. झालं! कार आत, आम्ही आत, आणि दार म्हणतंय, बसा.

नवरा म्हणाला, ‘आई टॅक्सीने येईल बाबा, त्यात काय?’

‘बावीस वर्षांत तुझ्या आईला मी कधी टॅक्सीने आणलं नाही.’

‘मग आता हे भंगारात काढा ना! बटण दाबलं की उघडणारं नवीन लावू. आयुष्य गेलं त्या दाराचं.’

असं म्हणाला हो तो! बाबांच्या तोंडावर! माणसाच्या पाठीवरून हात फिरवतात तसा बाबांनी त्या तिरप्या दारावर हात फिरवला आणि म्हणाले, ‘माझ्याकडूनच काहीतरी कमी पडलं असेल.’ बटणवालं दार कुणाला एका बोटाने उचलून दाखवणार? कुणाला ‘ऐक’ म्हणणार?

एवढं बोलले आणि शिडीच लावायला लागले. ‘स्प्रिंग ढिली करून बघतो.’ आता त्या स्प्रिंगमध्ये अख्ख्या दाराला पेलायचा जोर भरलेला, पान्हा निसटला तर हातच जायचा, हे त्यांनीच मला तीन रविवारी तीनदा सांगितलेलं! नवरा ओरडतोय, ‘बाबा, नका!’ बाबा ऐकतात होय? मी फक्त हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसले. पदर-बिदर सावरून, छान मांडी घालून. बाबा आले. माझ्याकडे बघितलं. पेटीकडे बघितलं. आता नव्या सुनेला ‘ऊठ’ कसं म्हणणार? घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं, म्हणाले, ‘तू... बस हं निवांत.’ आणि मिस्त्रीला फोन केला. नवीन असण्याचा पण उपयोग असतो!

मिस्त्री घरातल्या दाराने आत आला. हा म्हातारा, वाळका, कानामागे पेन्सिल, बोलणं मोजकं. त्याने दाराला हात लावला नाही, पान्हा काढला नाही, नुसतं एक बोट चॅनलमध्ये घातलं आणि बाहेर काढलं. काय निघालं सांगू? काळं, चिकट, लडबडलेलं... त्यात धूळ, केस, वाळकी पानं आणि एक अख्खा नाकतोडा! मिस्त्रीने त्या नाकतोड्याकडे आदराने बघितलं आणि म्हणाला, ‘चॅनलला ग्रीस कुणी लावलं?’

गॅरेजमध्ये शांतता. अशी शांतता, की बाबांनी ‘ऐक’ म्हणावं!

‘मी,’ बाबा म्हणाले. ‘दर रविवारी.’

‘साहेब, तेल चाकाला. तेल बिजागरीला. स्प्रिंगला. तेसुद्धा वर्षातून दोनदा. चॅनल कोरडा ठेवायचा, फक्त पुसायचा. ग्रीस लावलं की धूळ धरते.’

‘पण बावीस वर्षं चाललं!’

‘तेच म्हणतोय मी. चालायला नको होतं. दोन महिन्यांत बसलं असतं.’ मिस्त्री चॅनल खालून वर न्याहाळत गेला. ‘बाकी दार झकास ठेवलंय. स्प्रिंगचा तोल बघा, नवीन दाराचा नसतो असा. हे भंगारात काढा म्हणणाऱ्याला काढा. पण साहेब... हा चॅनल कुणीतरी पुसत होतं. दर आठवड्याला. आताच थांबलंय.’

बाबा म्हणाले, ‘कोण पुसणार?’ नवरा म्हणाला, ‘मी नाही.’ ते कुणाला वाटलंच नव्हतं. आणि सगळे वळून माझ्याकडे! आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या लग्नानंतरचा पहिलाच सोमवार. बाबा फिरायला गेलेले आणि सासूबाई लांब काठीला फडकं गुंडाळून गॅरेजमध्ये निघालेल्या. मी विचारलं, ‘मी करू का?’ तर म्हणाल्या, ‘नको गं, जरा कोळिष्टकं काढते.’ कोळिष्टकं! बावीस वर्षं! दर सोमवारी! आणि अवाक्षर नाही! मला तर तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्या आगगाडीत होत्या. आणि सांगू तरी कुणाला? बाबांना? आत्ता? त्या चेहऱ्याला? मी काय बोलणार? मी नवीन!

मिस्त्रीने रॉकेलच्या फडक्याने चॅनल पुसला, निसटलेलं चाक जागेवर बसवलं, अर्ध्या तासात दार एका बोटाने वर. बाबा साडेदहाला निघाले आणि सासूबाईंना घेऊन आले. येताना रस्ताभर काय बोलले कोण जाणे, सासूबाई उतरल्या त्या तडक गॅरेजमध्ये. मीही मागोमाग.

मी हळूच म्हटलं, ‘आई, त्यांना कधी सांगितलं का नाहीत?’

सासूबाईंनी कोरड्या चॅनलवरून बोट फिरवलं. ‘अगं, वेडी का काय? दार यायच्या आधी रविवारी ते घरात असायचे. त्यांनी माझा मिक्सर दुरुस्त केला होता.’

‘मग?’

‘मग दुसरा आणला. तोही दुरुस्त केला. हाताला काम नसलं की त्यांना घरात सगळीकडे करकर ऐकू येते. दार आलं, त्यात त्यांचा जीव रमला, माझा संसार वाचला. आठवड्याला अर्धा तास पुसायला लागतं, त्यात काय? स्वस्तात सुटले मी.’ मग एकदम थांबल्या. ‘त्या मिस्त्रीने सांगितलं काय त्यांना?’

‘चॅनलला ग्रीस लावू नका म्हणाला. आणि बाकी तेल वर्षातून दोनदा.’

‘दोनदा?’ सासूबाई मटकन हत्यारांच्या पेटीवर बसल्या. ‘म्हणजे उरलेले पन्नास रविवार...?’

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज. उत्साही, ताजातवाना, बावीस वर्षांनी लहान झालेला: ‘अगं ए, या फ्रिजचं दार किंचित करकरतंय का गं? थांब, डबा घेऊनच येतो!’

आता सोमवारी फ्रिज मी पुसते. ओव्हन सासूबाई पुसतात.