आळशी डबा

तुमी हसता, पण मले आजही रुळाजवळ उभं राहाले भेव वाटते. अकोल्याले रेल्वे नवीनच आलती, अन् मी कापूस घेणाऱ्या गोऱ्या सायबाचा दुभाषी होतो. गठाणींनं भरलेला डबा हमालाईच्यानं हलेना. सायेब म्हणे, “इनर्शिया.” मी अर्थ इचारला, तं म्हणे, जुन्या लॅटिनात आळस. आमच्या मुनशीनं त्याची उर्दूत ‘सुस्ती’ केली. मी हमालाईले सांगतलं, “डबा आळशी हाय, जोर लावा.”

त्याईनं लावला. डबा सुटला तो थेट समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या डब्याकडं.

संपत गाडीवानाची सारी हयात उतारावर बंडीले पाठ लावून थांबवण्यात गेली. तो तसाच दोन डब्यांच्या मधात शिरला. म्हणे, “आळशी हाय ना, आत्ता थांबते.” त्याच्या टाचा खडीत घासत चालल्या. उभा डबा हातभरच दूर राहिला. मी नुसता पाहून राहिलो होतो, तोंडातून शब्द निघेना. मुनशीनं त्याले ओढलं, अन् डबे आदळले.

सायेब पांढराफटक पडला. म्हणे, “चाललेलं थांबत नाही, त्यालेही हाच शब्द. सांग त्याले.”

मी सांगतलं.

संपत टाचा चोळत म्हणे, “तीन-तीन भाषा येतात तुमाले. ‘बाजूले हो’ एकीतही नाही येत का?”