फलकाच्या पाठीवरची सही

सन्माननीय अध्यक्षमहोदय, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या संग्रहालयाचे मावळते संचालक, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेत दाराजवळ बसलेली माझी थोरली बहीण,

साहेबांबद्दल चार शब्द बोलायला मला सांगितलं, हा मी माझा मान समजते. मी तळघरात फाटके कागद सांधणारी बाई, मला भाषणाची सवय नाही. पण आज बोलल्याशिवाय राहवणार नाही.

सात वर्षांपूर्वी बायकांच्या मोर्च्यांतले एकशे बारा फलक आपल्याकडे आले. कोणी ते पलंगाखाली जपले होते, कोणी माळ्यावर. स्वीकारताना साहेबांनी केवढं सुंदर भाषण केलं होतं, आठवतंय ना? फोटोही छापून आला. दुसऱ्या दिवशी ते तळघरात उतरले, फलक चाळू लागले आणि एकाशी थांबले. चार कागद कडेला कडा जोडून केलेला, वर लाल रंगात 'आम्ही खोटं बोलत नाही'. साहेबांनी तो उलटून पाहिला. मग म्हणाले, "बाई, हे सगळे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टाका. एकदम पक्के. टिकले पाहिजेत." केवढी ती काळजी.

ते वर गेल्यावर मीही उलटून पाहिला. पाठीवर माझ्या ताईचे टाइप केलेले अर्ज होते. तीस वर्षांपूर्वी ती दुसऱ्या एका कचेरीत साहेबांच्या हाताखाली टायपिस्ट होती. दार लावून घेतल्यावर साहेब कसे वागतात, ते तिने चारदा लिहून दिलं. अर्ज वर जायचे ते साहेबांच्याच टेबलावरून. चारही परत आले, शेरा एकच: 'अर्जदाराने स्वतःची वागणूक सुधारावी.' खाली सही आणि तारीख. मग तिने आणि मैत्रिणींनी त्याच कागदांच्या कोऱ्या बाजूवर घोषणा रंगवली आणि फाटकासमोर उभ्या राहिल्या. झटापटीत फलक हातातून गेला; मोर्च्यातल्याच कोणीतरी तो उचलून जपला असावा. चौकशीत साहेबांनी सांगितलं, असा अर्ज आलाच नाही. ताईची नोकरी गेली आणि खोटारडी हे नाव तेवढं राहिलं. बाबा शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

मी तिची बहीण, हे साहेबांना कळलं नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, त्याचा हा एक फायदा.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? बोलले असते तर कागद उरला असता का? मी "हो साहेब" म्हटलं आणि मैद्याची खळ शिजवली. साहेबांनी पुठ्ठा वाकवून पाहिला, त्यांचं समाधान झालं. आमच्या कामात एक नियम असतो. आपण चिकटवलेलं पुढच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे. मैद्याची खळ पाण्याने सुटते. इतकी वर्षं संचालक होते, पण हे त्यांनी कधी विचारलं नाही.

काल दुपारी बाराला साहेबांनी किल्ल्या सोपवल्या. साडेबाराला, नव्या संचालकबाईंची लेखी परवानगी घेऊन, मी पुठ्ठ्याला ओल्या पट्ट्या लावल्या. सहीची शाई जराही फुटलेली नाही.

अध्यक्षमहोदय, ती चौकशी आपणच केली होती. साहेबांनी आज आपल्याला आग्रहाने बोलावलं ते त्यामुळेच. आपण तेव्हा ताईला विचारलं होतं, "कागद कुठे आहे?" तो या कापडाखाली आहे, दोन्ही बाजूंनी काच लावून. साहेबांना वाटलं असेल, आपली भेटवस्तू आहे. नाही साहेब, ही इथेच राहणार, येणाऱ्या प्रत्येकाला पाठ दाखवत.

वहिनी, तुमच्यासमोर हे बोलावं लागलं, तुमची मनापासून माफी मागते. इतर कोणाला काही उणं-अधिक वाटलं असेल तर पदरात घ्या. साहेब, तुमची माफी मी मागत नाही आणि तुम्हाला देतही नाही. या दिवसाची मी सात वर्षं वाट पाहिली, आणि मला फार बरं वाटतंय.

संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की कापड अध्यक्षांच्या हस्ते दूर होईल. अध्यक्षमहोदय, आपण बसा.

ताई, ऊठ. पुढे ये. तू काढ.